केशराच्या कंदसडीवर सूडोमोनास जिवाणू की बॅसिलस जिवाणू? कधी, किती आणि कशासोबत?

मातीवेडा, नाशिक
खोलीतलं केशर आहे. फुलं ट्रेमध्येच काढून झाली, नंतर कंद वाढीसाठी कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याचा भुसा) लावले. आता काही ठिकाणी पात शेंड्याकडून पिवळी पडतेय. कंद उकरला की तळाशी तांबूस-तपकिरी, कोरडे, खोलगट डाग दिसतात. वास नाही. तीन गोष्टी विचारायच्या आहेत. सूडोमोनासचा डोस वाढवला तर हे थांबेल का? ट्रायकोडर्मा (जैविक बुरशीनाशक) आणि कॉपर ऑक्सिक्लोराइड (तांब्याचं बुरशीनाशक) त्याच द्रावणात चालतात का? आणि गूळ घालून ड्रममध्ये जिवाणू वाढवून सोडले तर?

कंदमूळ
वर्णनावरून फ्युजेरियम (कंद सडवणारी बुरशी) वाटतो. एक कंद उभा चिरून बघा. तळाच्या चकतीपासून वर तपकिरी रेषा गेल्या असतील तर जवळपास नक्कीच. कंद बुळबुळीत होऊन घाण वास आला असता तर जिवाणूजन्य सड समजायची. निळसर-हिरवी भुकटी दिसली तर पेनिसिलियम बुरशी, ती बहुतेक जखमेतून शिरते. जांभळट जाळी असेल तर रायझोक्टोनिया बुरशी.

डोस वाढवून काही होणार नाही. हे जिवाणू निरोगी कंदाची राखण करतात, सडलेला कंद बरा करत नाहीत. सूडोमोनास मुळाभोवतीचं लोह स्वतःकडे ओढून बुरशीची उपासमार करतो आणि झाडाची स्वतःची प्रतिकारशक्ती जागी करतो. बॅसिलस बुरशीच्या पेशींचं आवरण फोडणारी इट्युरिन, फेन्जिसिनसारखी द्रव्यं सोडतो. दोघांनाही बुरशीच्या आधी मुळाच्या सालीवर जागा धरावी लागते. बुरशी आत गेल्यावर बाहेर पहारा बसवून काय उपयोग? डागाळलेले कंद भोवतीच्या कोकोपीटसकट काढून जाळा. कंपोस्टमध्ये टाकू नका, फ्युजेरियमचे जाड कवचाचे बीजाणू तिथे वर्षानुवर्षं टिकतात.

पुढच्या लावणीसाठी:
कंद निवडताना मऊ, डागाळलेले, कुदळ लागलेले बाजूला. सुटं झालेलं कोरडं आवरण काढा, पण सोलू नका, सोललं की जखमा होतात. टाल्कमधला सूडोमोनास फ्लुरोसन्स १० ग्रॅम प्रति लिटर, कंद बुडतील एवढ्या पाण्यात ३० मिनिटं, मग सावलीत सुकवून त्याच दिवशी लावा. नळाचं क्लोरीनचं पाणी असेल तर रात्रभर उघडं ठेवून वापरा. एका खेपेचं द्रावण दुसरीला नको, कारण आधीच्या खेपेतला एक रोगट कंद उरलेल्या सगळ्यांना लागण देतो.

फुलं येण्याआधी ट्रेमधल्या कंदांना मात्र हे बुडवणं टाळा. खोलीत दमटपणा आधीच भरपूर असतो, त्यात ओला कंद म्हणजे पेनिसिलियमला आमंत्रण. प्रक्रिया फुलांनंतर, लावताना. तेव्हा फुटलेली मुळं तुटू देऊ नका, केशराचं मूळ तुटलं की सहसा पुन्हा नीट फुटत नाही.

बुरशीवाला
मिसळण्याबद्दल. तांब्याची औषधं आणि स्ट्रेप्टोमायसीन हे प्रतिजैविक सूडोमोनासला मारतात, त्यामुळे एका द्रावणात अजिबात नाही. मध्ये आठ-दहा दिवस जाऊ द्या. कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकाचं उलटं आहे: जिवाणूंना त्याचा फारसा त्रास नाही, ट्रायकोडर्मा मात्र मरतो, कारण ट्रायकोडर्मा मुळात बुरशीच आहे. दुकानात सगळंच ‘जैविक’ म्हणून एका फळीवर असतं, म्हणून हा घोळ होतो.

गुळाचा ड्रम नको. उघड्या ड्रममध्ये दोन दिवसांनी कोण वाढलंय हे डोळ्यांनी कळत नाही, बहुतेक वेळा यीस्ट आणि हवेतले भलतेच जिवाणू पुढे जातात. त्यापेक्षा पाकीट बघून घ्या: ग्रॅमला किमान १×१०⁸ जिवंत पेशी आणि ताजी तारीख. सूडोमोनास बीजाणू करत नाही, उन्हात ठेवलेलं पाकीट म्हणजे नुसती टाल्क पावडर. बॅसिलस बीजाणू करतो, म्हणून तो साठवणुकीत जास्त टिकतो.

करेवा
काश्मीरमधल्या पांपोरच्या शेतात आणि तुमच्या खोलीत एक मोठा फरक आहे. तिथे कंद ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, माती उबदार असताना लागतात, जिवाणूंना थंडीपूर्वी पसरायला वेळ मिळतो. खोलीत फुलांनंतर लगेच गारव्यात लावलं तर जिवाणू सुस्त पडतात. लावल्यावर पहिला आठवडा १८-२० अंश ठेवून मग तापमान उतरवत न्या. याहून गरम नको, २५ च्या पुढे फ्युजेरियमचं फावतं.

कोकोपीटमध्ये जिवाणूंना खायलाही फार नसतं आणि बुरशीला अडवणारं कोणी नसतं. धुऊन क्षार काढलेल्या कोकोपीटमध्ये दहा-पंधरा टक्के चाळलेलं, पूर्ण कुजलेलं गांडूळखत घाला. कच्चं शेणखत नको. त्यातून कंदमाशा येतात, त्यांच्या अळ्या कंद पोखरतात आणि बुरशीला वाट मिळते. नत्रही बेतानं, जास्त झालं की कंद पाणचट होतो.

जम्मू विद्यापीठातल्या संशोधकांनी काश्मीरच्या केशरकंदांभोवतीच्या मातीतूनच फ्युजेरियमला रोखणारे बॅसिलस वेगळे केले आहेत. बाजारातला जिवाणूचा वाण तुमच्या गारव्यात तितकाच चालेल असं धरू नका, अर्ध्या ट्रेना देऊन अर्धे कोरे ठेवा.

मातीवेडा, नाशिक
आभारी आहे. कंद चिरला, रेषा तळापासून वर गेल्यात. रोगट ट्रेशेजारचे जे निरोगी दिसतायत त्यांना आत्ता वरून द्रावण दिलं तर चालेल?

कंदमूळ
चालेल. ५ ग्रॅम प्रति लिटर, फडक्यातून गाळून, नाहीतर टाल्कनं ड्रीपर बुजतात. आधी पाणी कमी करा. बोटाला ओल लागावी, मुठीत दाबल्यावर थेंब पडू नये. निचरा नसेल तर कोणताही जिवाणू पुरा पडत नाही. आणि ते कंद पुढच्या वर्षी वेगळ्या ट्रेमध्येच ठेवा, निरोगी दिसले तरी.