मदत हवी आहे: नव्या रेडिओवर बाकी सगळं स्वच्छ लागतं, विविध भारतीच का फाटते?

नारायणपेठी:
नमस्कार मंडळी. प्रश्न बाबांच्या रेडिओचा आहे, म्हणजे पर्यायाने आमच्या घरातल्या शांततेचा.

त्यांचा जुना तीन बँडचा सेट दिवाळीच्या सुमारास रुसला. आवाज येतो, पण आतली दोरी तुटल्यामुळे बटण कितीही फिरवलं तरी काटा जागचा हलत नाही. तेवढ्यात बहीण अमेरिकेहून आली, तिने तिथला एक डिजिटल सेट आणला. दिसायला देखणा, आकडे मोठे, बाबांना चष्म्याशिवाय दिसतात. (अ‍ॅडॅप्टर ११० व्होल्टचा निघाला, म्हणून सध्या सेलवर चालवतोय.)

आता तक्रार ऐका. एफएमवर ९१.१, ९३.५, ९४.३, ९८.३ ही सगळी खासगी स्टेशनं खणखणीत लागतात. बाबांना त्यातलं एकही नको असतं. त्यांना हवी १०१ वरची विविध भारती, आणि तीच नीट लागत नाही. निवेदक हळू बोलत असेल तोवर ठीक, गाण्यात वरचा सूर लागला की आवाज फाटतो. रात्री छायागीत ऐकताना तर त्यांचा चेहरा बघवत नाही. मिडियम वेव्हवर पुणे केंद्र ७९२ ला, तिथे नाट्यसंगीत लागलं की 'स' आणि 'श' कानाला टोचतात, शिवाय मागे सतत घुर्र आवाज. एरियल पूर्ण ओढून, खिडकीत ठेवून, गच्चीत नेऊन झालं. सेट खराब आहे का? परत द्यायचा तर आता बहीण पुढच्या मे महिन्यात येणार.

भटकाजीव:
आकाशवाणीचं अ‍ॅप आहे की. फोनवर लावा आणि एखादा ब्लूटूथ स्पीकर जोडा. विषय संपला.

नारायणपेठी:
ते करून बघितलं. बाबा रेडिओच्या वेळेवर भिंतीवरचं घड्याळ लावतात. अ‍ॅपवर सगळं मागून येतं हे त्यांनी पहिल्याच दिवशी पकडलं. तेव्हापासून अ‍ॅपला घरात किंमत नाही.

हळदीचीसांगली:
घुर्र आवाजाचं सांगते. आमच्याकडे सांगली केंद्र १२५१ वर ऐकताना हाच त्रास होता. घरातले एलईडी दिवे आणि मोबाईलचे चार्जर एकेक करून बंद करा, चोर सापडेल. आमच्याकडे तो देवघरातला दिवा होता, आता काय बोलणार!

आणि मिडियम वेव्हला तो बाहेर ओढायचा एरियल उपयोगाचा नसतो. त्याचा एरियल म्हणजे सेटच्या आत आडवी बसवलेली फेराइटची कांडी. म्हणून आख्खा सेटच हळूहळू गोल फिरवायचा. एका दिशेला स्टेशन जोरात येतं, काटकोनात वळवलं की जवळजवळ गायब होतं.

मध्यमलहरी:
घुरघुरीवर वरचा उपाय बरोबर आहे, पण फाटण्याचं कारण वेगळं वाटतं. एक करा. १००.९ वर जा आणि पुढचं बटण एकदाच दाबा. काय दिसतं?

नारायणपेठी:
१०१.१. मागे दाबलं की परत १००.९. मधला १०१.० येतच नाही! मिडियम वेव्हला ७९० नंतर थेट ८००.

मध्यमलहरी:
मग सेट चांगला आहे, फक्त अमेरिकेत राहतोय. तिकडे एफएमची स्टेशनं ०.२ च्या अंतराने असतात आणि दशांशाचा आकडा कायम विषम. तुमची खासगी स्टेशनं बघा: .१, .५, .३, .३. सगळी विषम, म्हणून योगायोगाने नेमकी लागतात. १०१.० मात्र दोन पायऱ्यांच्या मधल्या फटीत पडतं. एफएममध्ये आवाज जितका मोठा तितकी लहर आपल्या जागेपासून जास्त डोलते. सेट आधीच बाजूला सरकून बसलाय, त्यामुळे मोठ्या आवाजाला ती त्याच्या चौकटीबाहेर जाते आणि नेमकी तानच फाटते.

मिडियम वेव्हचंही तेच. आपल्याकडे पायरी ९ किलोहर्ट्झची, तिकडे १० ची. ७९२ म्हणजे ८८ नव्वे. मुंबईचं ५५८, नागपूरचं ५८५, सांगलीचं १२५१, सगळ्यांना ९ ने भाग जातो. तुमच्या सेटवर ९० ने भाग जाणारी स्टेशनंच नेमकी लागतील. ७९० वर तुम्ही २ किलोहर्ट्झ बाजूला उभे राहून ऐकताय, म्हणून 'स' टोचतो.

बऱ्याच सेटमध्ये ही पायरी बदलता येते. सेलच्या कप्प्यात ९/१० लिहिलेली बारीक खिट्टी शोधा. नसेल तर माहितीपुस्तिका बघा, काही सेटमध्ये रेडिओ बंद ठेवून एखादं बटण दाबून धरावं लागतं.

सेलसंपले:
+१. बदलण्याआधी साठवलेली स्टेशनं कागदावर लिहून ठेवा, बहुतेक सगळी पुसली जातील.

नारायणपेठी:
सापडली!! सेलखाली होती, टाचणीने सरकवली. घड्याळासकट सगळं पुसलं गेलं (सेलसंपले, तुमचा प्रतिसाद नंतर वाचला). पण १०१.० लागलं आणि ७९२ सुद्धा. घुर्र आवाज शेजारच्या खोलीतल्या लॅपटॉपच्या चार्जरचा होता, म्हणजे चोर मीच.

एक शेवटची शंका. रात्री आठनंतर ७९२ च्या मागे कुठलीतरी परकी भाषा कुजबुजते. यावर काही उपाय?

मध्यमलहरी:
सूर्य मावळला की वातावरणातला लहरी शोषून घेणारा थर विरतो, मग वरच्या थरावरून परावर्तित होऊन लांबची स्टेशनं येतात. सेट फिरवून त्या पाहुण्याला कांडीच्या टोकाच्या दिशेला आणा, जरा दबेल. बाबांना विचारा, पूर्वी याच वाटेने दूरदूरची स्टेशनं ऐकली असतील.

नारायणपेठी:
विचारलं. ते म्हणाले, 'ठीक आहे, पण जुन्या सेटचा आवाज याला नाही.' लाकडी खोकं आणि मोठा स्पीकर होता त्याला, तेव्हा वाद घालण्यात अर्थ नाही. तर मंडळी, तपकीर गल्लीत काट्याची दोरी बदलून देणारं अजून कोणी बसतं का?

सेलसंपले:
दोरी मिळाली नाही तर मासेमारीचा विणलेला बारीक दोरा चालतो, ताणला जात नाही. फक्त उघडण्यापूर्वी दोरी कुठल्या चाकावरून कशी गेलीय त्याचा फोटो काढा. मी काढला नव्हता. माझा सेट तीन वर्षं उघडाच आहे.