घरात रिंगनेक होल्यांची जोडी आणि चार महिन्यांचं बाळ: काय काय बदलावं?

कवडी:
घरात रिंगनेक होल्यांची जोडी आहे. पिंजरा बैठकीच्या खोलीत आहे आणि बाळाचा पाळणाही दिवसभर तिथेच असतो. एक लहान खोली रिकामी करता येईल, तिला बाहेरच्या बाजूला खिडकी आहे. पक्षी देऊन टाकायची इच्छा नाही, पण ठेवणं धोक्याचं असेल तर आडपडदा न ठेवता सांगा. साफसफाई, पक्ष्यांची तपासणी आणि बाळ रांगायला लागल्यावर काय करायचं, या तिन्ही गोष्टींबद्दल हवं आहे.

दाणापाणी:
ठेवता येतील, पण त्या खोलीत नाही. पिंजरा आजच हलवा, बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल.

होला चावत नाही, फार तर पंखाचा फटका मारतो. काळजी करायची ती भुकटीची. होले आणि पारव्यांच्या अंगावर अशी काही पिसं असतात की त्यांची सतत पांढरी, पिठासारखी भुकटी होत राहते. ती हवेत तरंगते, आणि वाळलेल्या शिटेचा चुराही तिच्यात मिसळतो. सिटॅकोसिसचे (पक्ष्यांकडून माणसाला होणारा फुप्फुसांचा आजार) जंतू माणसापर्यंत पोचतात ते मुख्यतः अशा धुळीतून, श्वासावाटे. त्यामुळे 'बाळाला पिंजऱ्याला हात लावू देत नाही' एवढ्यावर भागत नाही, हवा वेगळी करावी लागते.

रिकाम्या खोलीच्या खिडकीत लहान एक्झॉस्ट पंखा बसवा, हवा बाहेर फेकणारा. दार बंद ठेवा, पण दाराखालची फट बुजवू नका. पंखा चालू असला की घरातली हवा त्या फटीतून आत ओढली जाते आणि खिडकीतून बाहेर जाते, भुकटी उलटी घरात येत नाही. पंखा उलटा बसला तर नेमकं वाईट घडतं, म्हणून दाराच्या फटीपाशी टिश्यू पेपरची पट्टी धरून बघा. ती खोलीच्या आत झुकली पाहिजे. पंख्याचा थेट झोत मात्र पिंजऱ्यावरून जाऊ नये. पंख्याला बारीक जाळी हवीच, नाहीतर सुटलेला पक्षी पात्यात जाईल. होल्यांना खोलीत मोकळं सोडता तेव्हा छताचा पंखा आणि एक्झॉस्ट दोन्ही बंद.

खिडकीपाशी:
वरच्याशी सहमत. त्यात भर: रोज व्हॅक्यूम क्लीनर फिरवा आणि ट्रे झाडून घ्या, म्हणजे धूळ साठत नाही.

उनाडवारा:
@खिडकीपाशी, हे दोन्ही नको. साध्या व्हॅक्यूमची पिशवी जाड कचरा धरते आणि सगळ्यात बारीक धूळ मागच्या झरोक्यातून खोलीभर उडवते. हेपा फिल्टर (अगदी बारीक धूळ अडवणारी गाळणी) असलेला आणि नीट सीलबंद असेल तरच वापरा. कोरड्या झाडूचं तर नावच काढू नका.

पद्धत अशी. ट्रेमध्ये वर्तमानपत्राचे पाच-सहा थर एकदम घाला. रोज वरच्या कागदावर स्प्रे बाटलीने पाणी मारा, पक्ष्यांची शीट ओली झाली की कागद कडेकडून आत दुमडत उचला आणि पिशवीत टाकून तोंड बांधा. फरशी ओल्या फडक्याने पुसा. कणसाच्या बुरकुंड्यांचा भुसा किंवा लाकडाचा भुसा घालू नका, ओल धरून त्यात बुरशी वाढते.

आठवड्यातून एकदा पक्षी दुसऱ्या पिंजऱ्यात हलवून ट्रे आणि दांड्या आधी साबणाने घासा. वर घाण राहिली तर ब्लीच निकामी ठरतं. मग एक लिटर पाण्यात ३० मिली घरगुती ब्लीच, दहा मिनिटं ओलं ठेवायचं, भरपूर पाण्याने धुवायचं, पूर्ण वाळवायचं आणि मगच पक्षी परत. ब्लीचमध्ये दुसरं कुठलंही क्लीनर मिसळू नका, विषारी वायू होतो. स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये हे धुऊ नका. बाळाच्या बाटल्या तिथेच धुतल्या जातात आणि साल्मोनेलाला (जुलाब करणारे जंतू) तेवढा रस्ता पुरतो.

सफाईला एन९५ मास्क आणि वेगळा शर्ट. शर्ट त्याच खोलीच्या दारामागे टांगलेला राहू द्या. बाहेर आल्यावर साबणाने वीस सेकंद हात धुऊन मगच बाळाला उचला. घरात कोणी गरोदर असेल तर हे काम त्यांच्याकडे देऊ नका.

अंघोळीचा फायदा बरेच जण विसरतात. पसरट भांड्यात चार-पाच सेंटीमीटर पाणी, आठवड्यातून दोन-तीनदा. नंतर पाण्यावर पांढरी साय दिसते. ती सगळी भुकटी, हवेत जायची वाचलेली. ते पाणी लगेच ओतून टाका.

हिरवापंख:
तपासणीबद्दल. पक्ष्यांच्या डॉक्टरांकडून सिटॅकोसिससाठी पीसीआर (जंतूंचा अंश शोधणारी प्रयोगशाळेतली चाचणी) करून घ्या. जंतू विष्ठेतून रोज पडतातच असं नाही, मधूनमधून पडतात. म्हणून तीन ते पाच दिवसांची ताजी शीट एकत्र आणि सोबत स्वॅब, असा नमुना विचारा. एकदा 'निगेटिव्ह' आलं म्हणजे कायमचा दाखला मिळाला असं नाही. नवा पक्षी आणलात तर किमान ३० दिवस वेगळ्या खोलीत, आणि सध्या तरी आणूच नका.

पक्ष्यांना जंतू निघाले तर उपचाराला डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक देतात आणि तो उपचार बराच लांब, अनेकदा ४५ दिवसांपर्यंत चालतो. त्या काळात समुद्रफेस आणि कॅल्शियमची खडी काढून ठेवावी लागते, कारण कॅल्शियम औषधाला बांधून ठेवतं. बरं वाटतंय म्हणून मध्येच थांबवलं की दुखणं परत येतं.

पिसं फुगवून बसणं, हिरवी पातळ शीट, डोळ्यांतून पाणी, श्वासासरशी शेपूट हलणं, यातलं काहीही दिसलं तर थांबू नका. बाळाला ताप आणि भराभर श्वास, किंवा जुलाबात रक्त दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे, आणि घरात होले आहेत हे आपणहून सांगा. बहुधा कोणी विचारत नाही. मोठ्यांपैकी कुणाला आठवडेच्या आठवडे कोरडा खोकला आणि धाप लागत असेल तर तेही सांगा. पक्ष्यांच्या भुकटीची फुप्फुसांना ॲलर्जी होते. ती वेगळी गोष्ट आणि जंतूंच्या औषधाने जात नाही.

कवडी:
खूप उपयोगी. दोन शंका: एअर प्युरिफायर एकच आहे, तो कुठे ठेवू? आणि होले रात्रीही घुमतात, बाळ उठतं.

दाणापाणी:
होल्यांच्या खोलीत. भुकटी जिथे तयार होते तिथेच पकडलेली बरी. त्याचा बाहेरचा फिल्टर दर आठवड्याला बघा, या पक्ष्यांच्या खोलीत तो फार लवकर भरतो. ओझोन सोडणारं मॉडेल नको, पक्ष्यांची फुप्फुसं ते सहन करत नाहीत. डास मारायची कॉइल किंवा फवाराही त्या खोलीत नको.

घुमण्यावर उपाय म्हणजे अंधार. संध्याकाळी ठरल्या वेळी पिंजऱ्यावर तिन्ही बाजूंनी सुती कापड, समोरची बाजू हवेसाठी उघडी. एक अगदी मंद दिवा राहू द्या. मिट्ट काळोखात दचकले तर गजांवर आपटून पंख मोडून घेतात.

उनाडवारा:
रांगण्याबद्दल राहिलं. होले दाणा सोलत नाहीत, अख्खा गिळतात, त्यामुळे टरफलं नसतात. पण नावडता दाणा चोचीने लांब उडवतात. तो आणि खडी बाळाच्या तोंडात जाण्याइतकी बारीक असते. पिंजऱ्याच्या खालच्या भागाला पंधरा-वीस सेंटीमीटरची पारदर्शक ॲक्रिलिक पट्टी लावा. पिंजरा चाकांच्या स्टँडवर असेल तर चाकं काढा आणि स्टँड पट्ट्याने भिंतीला बांधा, कारण उभं राहायला शिकणारं मूल हाताला येईल ते धरून ओढतं. खोलीच्या दाराला वर कडी हवीच.

बाळाच्या अंगावर रात्रीतून बारीक लाल पुरळ येऊ लागले तर पिंजऱ्यातले लाल माइटही (रक्त पिणारे बारीक किडे) तपासा. ते दिवसा दांडीच्या खाचांत लपतात. रात्री पिंजऱ्याखाली पांढरा कापड अंथरा, सकाळी हलणारे लालसर ठिपके दिसतात का बघा. दिसले तर औषध पक्ष्यांच्या डॉक्टरांकडूनच, घरचा कीटकनाशक फवारा नको.

आणि जोडी आहे तर अंडी येणारच, एका वेळी दोन. ताजी अंडी काढून तिथे त्याच मापाची प्लॅस्टिकची ठेवा. नुसती काढून घेतलीत तर मादी पुन्हा घालते आणि कॅल्शियमला मुकते. नकली अंड्यांवर ती दोन-तीन आठवडे बसते, मग आपणच सोडते. तोवर नकली अंडी हलवू नका.