मदत हवी आहे: 'ग्रॅलख' या शिकारीतल्या क्रियापदाला मराठीत काय म्हणायचं?

मंडळी, स्कॉटलंडच्या हायलँड्समधल्या हरणांच्या शिकारीवरचा एक लेख मराठीत आणतेय आणि तीन दिवस एकाच क्रियापदापाशी अडलेय. ग्रॅलख. शेवटचा ख घशातून काढायचा, पण बरेच जण सरळ ग्रॅलक म्हणतात. मूळ शब्द स्कॉटिश गेलिकमधला, आतडी या अर्थाचा.

अर्थ कळलाय. हरीण पडलं की तिथंच डोंगरावर पोट चिरून जठर, आतडी बाहेर काढायची, म्हणजे मांस लवकर गार होतं, खराब होत नाही, ओझंही हलकं होतं आणि मग ते तट्टावर घालून खाली आणायचं. काढलेलं बऱ्याचदा तिथंच सोडतात, डोमकावळे नि गरुड येऊन खातात, त्यालाही ग्रॅलखच म्हणतात.

मी आधी लिहिलं, 'त्यानं हरणाचा कोथळा काढला.' वाचलं आणि लगेच खोडलं. कोथळा म्हटलं की आपल्याला प्रतापगडच दिसतो, 1659, अफजलखान, वाघनखं. इथं तर माणूस बाह्या वर करून गुडघ्यावर बसलाय आणि आतडं फुटून मांसाला घाण लागू नये म्हणून दोन बोटं पात्याच्या पुढं धरून जपून सुरी सरकवतोय. राग नाही, वैर नाही, रोजचं काम आहे त्याचं. 'सोलणे'ही चालत नाही, कारण कातडी अंगावरच राहते. काय लिहू? आणि पुढं ससा येतो, त्यालाही हेच क्रियापद का?

प्रतिसाद: ताई, सशाला नको. ग्रॅलख मुख्यतः हरणाचं, सशाला इंग्रजीत 'पाँच' (paunch) म्हणतात, माशाला नुसतं 'गट' (gut), आणि अमेरिकेत हरणालाही 'फील्ड ड्रेस'. मराठीत नवा शब्द कशाला शोधताय, आमच्याकडे बोकड कापला की म्हणतात, 'आधी आतडी काढून घे.' त्या 'काढून घे'मध्येच सगळं आलं बघा.

दादा, मनापासून आभार! 'त्यानं डोंगरावरच हरणाची आतडी काढून घेतली.' मोठ्यानं वाचलं, बसतंय. नुसतं 'काढली' म्हटलं की धसमुसळेपणा येतो, 'काढून घेतली'त हात जपून चालतो. आता राहिलं नाम. गरुड ज्यावर उतरतो त्याला 'वजडी' लिहावं का? मला वाटतं नको, वजडी म्हटली की ती शिजून ताटात येणार, आणि ही तर डोंगरावरच राहते. कुणाकडे दुसरा शब्द आहे का?