मदत हवी आहे: ४ वर्षांच्या लेकीला सिलिअ‍ॅक, घरच्या मोठ्यांना कसं सांगू?

नमस्कार मंडळी,

सात महिन्यांपूर्वी माझ्या ४ वर्षांच्या लेकीला सिलिअ‍ॅक (गव्हासारख्या धान्यांतल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे आतडं बिघडण्याचा आजार) असल्याचं कळलं. त्याआधीचं वर्ष फार वाईट गेलं. पोट फुगलेलं, हातापायांच्या काड्या, सतत पातळ शी, दिवसभर किरकिर. रक्तातलं टीटीजी-आयजीए (या आजारात वाढणारी प्रतिपिंडं) खूप जास्त आलं, मग एंडोस्कोपी करून आतड्याचा तुकडा तपासला. गहू, बार्ली, राय कायमचं बंद. ओट्समध्ये बहुतेकदा गव्हाची भेसळ होते, म्हणून तेही सध्या नको म्हणालेत.

पथ्य सुरू केल्यावर काही आठवड्यांतच पोर हसायला लागली. पदार्थांचं मी निभावून नेते, त्यासाठी हा धागा नाही. अडलंय ते माणसांपाशी.

आम्ही सासू-सासऱ्यांसोबत राहतो. दोघांचाही तिच्यावर जीव आहे. पण "एवढ्याशा बिस्किटाने काय होतंय?" हे वाक्य मी रोज ऐकते. मागच्या महिन्यात पुन्हा रक्त तपासलं, तर टीटीजी हवं तेवढं उतरलेलं नाही. डॉक्टरांनी एकच विचारलं, "कुठूनतरी पोटात जातंय का?" मी ठामपणे नाही म्हणाले.

चार दिवसांनी कपडे धुवायला काढताना तिच्या फ्रॉकच्या खिशात बिस्किटाचा चुरा सापडला. शिवणीत बसलेला, ओलसर. जवळ घेऊन विचारलं, तर कुजबुजत म्हणाली, "आजोबांना नको म्हटलं की त्यांना वाईट वाटतं. म्हणून थोडं खाल्लं आणि थोडं लपवलं."

तेव्हापासून मला नीट झोप नाही. ४ वर्षांच्या मुलीने आजोबांचं मन सांभाळायचं आणि स्वतःचं आतडं बिघडवून घ्यायचं?

सासऱ्यांचंही अगदीच चूक म्हणवत नाही. ही काही अ‍ॅलर्जी नाही की खाल्लं आणि अंगावर गांधी उठल्या. बिस्किट खाऊन ती हसत खेळायला जाते, मग त्यांना माझंच बोलणं अवाजवी वाटतं. आत तिचंच शरीर लहान आतड्यातल्या रसांकुरांवर (अन्नातला कस शोषणाऱ्या बारीक उंचवट्यांवर) हल्ला करतंय, ते डोळ्यांना दिसत नाही. ग्लुटेन-मुक्त म्हणवणाऱ्या पदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही, आणि बिस्किटाच्या एका तुकड्यात त्याच्या कितीतरी पट असतं. हे आकडे मी सांगितले. ते गप्प बसले, पण पटलं नाही.

दुसरी अडचण थोरल्याची. तो ७ वर्षांचा आहे. बहिणीसमोर खायला नको म्हणून तो दाराआड उभा राहून खातो, कुणी सांगितलेलं नसताना. सगळं घरच ग्लुटेन-मुक्त करावं असं मनात येतं. सध्या तिचं कपाट, चाळणी, टोस्टर वेगळं आहे, पण ओट्यावर गव्हाचं पीठ चाळलं की ते सगळीकडे उडतंच. मात्र सिलिअ‍ॅक असलेल्याच्या सख्ख्या भावंडांत आणि आईवडिलांत साधारण १० पैकी एकाला तो निघू शकतो, त्यामुळे थोरल्याची तपासणी करायची आहे. गहू बंद केल्यावर तपासलं तर रक्त खोटंच चांगलं दिसू शकतं. म्हणजे त्याची तपासणी होईपर्यंत गहू घरात राहणार. ज्यांनी पुढे घर पूर्ण बदललं, त्यांच्या दुसऱ्या मुलाने ते कसं घेतलं?

(शाळेचं बऱ्यापैकी जमलंय. खेळायच्या रंगीत मळलेल्या गोळ्यातही गव्हाचं पीठ असू शकतं, हे बाईंना माहीत नव्हतं. सांगितल्यावर लगेच बदलला.)

भर: प्रतिसादांत दोघांनी विचारलंय म्हणून लिहिते. नवरा माझ्या बाजूने आहे, पण वडिलांसमोर त्याचा आवाज निघत नाही. आणि सासूबाईंचं हिमोग्लोबिन वर्षानुवर्षं कमी आहे, लोहाच्या गोळ्यांनी वर येत नाही. सिलिअ‍ॅकमध्ये असंही होतं, म्हणून त्यांचीही एकदा तपासणी करून घ्या असं डॉक्टर म्हणाले. हे घरात कसं काढू? "आता दोष आमच्या रक्तावर ढकलतेस का?" असं व्हायला नको आहे.

सासऱ्यांना पुढच्या वेळी डॉक्टरांकडे सोबत न्यावं, असं एकीने सुचवलंय. ते करणारच आहे. पण खिशातल्या चुऱ्याबद्दल त्यांना सांगावं का? सांगितलं तर ते मोडून पडतील, आणि "आजोबांचं नाव घेतलं" म्हणून लेक मनाला लावून घेईल. न सांगावं तर ती लपवतच राहील. आजोबांच्या मांडीवर बसणं तिचं सुटू नये, एवढंच मला हवंय. तुमच्या घरात असं काही झालं असेल, तर मोठ्यांशी आधी कोण बोललं, आणि नेमकं काय म्हणालं?