इफ कंडिशन कायम खरीच का येते?

कालपासून डोकं खातंय हे. जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंग भाषेत वय नावाचं व्हेरिएबल (व्हॅल्यू ठेवायची जागा) आहे, इनपुट बॉक्समधून व्हॅल्यू घेतो आणि इफमध्ये (म्हणजे अट तपासतो तिथे) लिहिलंय वय = १८, तर मी ५ टाकू दे नाहीतर ७०, मेसेज तोच, एल्स मध्ये (अट खोटी असेल तर चालणाऱ्या भागात) जातच नाही. एररपण नाही!

प्रतिसाद १:
अरे, एकच बरोबरचं चिन्ह (=) टाकलंयस. ते तुलना करत नाही, वयात १८ भरून टाकतं, आणि शून्य सोडून कुठलाही आकडा इफला खराच वाटतो. तीन बरोबरची चिन्हं (===) टाक. व्हेरिएबल बनवताना लेट (व्हॅल्यू बदलता येते) ऐवजी कॉन्स्ट (बदलता येत नाही) वापरलं असतंस तर तिथेच एरर आली असती, मी स्वतः असाच एकदा अख्खी संध्याकाळ घालवलीये.

मूळ प्रश्नकर्ता:
तीन टाकली, आता १८ टाकलं तरी एल्समध्येच जातंय 😭

प्रतिसाद २:
हाहा, आता उलटं झालं. इनपुटमधून येतं ती स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, असते, तीन बरोबरवाली तुलना टाइपपण (मजकूर की आकडा) बघते, म्हणून "१८" आणि १८ वेगळे. आधी नंबर फंक्शनमधून काढ, ते मजकुराचा आकडा करतं. फक्त बॉक्स रिकामा ठेवलास तर ते ० देतं, ते वेगळं तपास.

मूळ प्रश्नकर्ता:
चाललं!! आभार दोघांचे