तीन चाकी बाबागाडी पुण्यात चालते का?

टेकडीकर

मत आधीच सांगतो: पुण्यात बाबागाडी घ्यायची तर तीन चाकी आणि हवेच्या टायरची घ्यावी. दुकानात पुढे मांडून ठेवतात त्या गाड्यांना चार कोपऱ्यांत दोन-दोन अशी आठ प्लास्टिकची चाकं असतात. त्या मॉलच्या फरशीवर छान पळतात. जंगली महाराज रस्त्याचा नवा पदपथ संपला की पुढे खचलेले पेव्हर ब्लॉक, ड्रेनेजचं वर आलेलं झाकण आणि सोसायटीच्या गेटातला स्पीडब्रेकर. तिथे चाकाचा व्यास मोठा लागतो.

हिशेब करून बघा. समोर ३ सेंमीची उभी कड आहे आणि पुढच्या चाकावर ६ किलो भार आहे. चाक १५ सेंमी व्यासाचं असेल तर ते कडेवर चढवायला आडवा जोर साधारण ८ किलोचा लागतो. ३० सेंमीच्या चाकाला साडेचार किलो पुरतो. छोटं चाक कडेला अडतं, मागून आपण ढकलत असतो, आणि मूल पट्ट्यात पुढे झुकतं.

शिवाय तिवई कधी डगमगत नाही, चौरंग डगमगतो. खडबडीत जागी चार चाकांतलं एक कायम हवेत असतं.

वाडा_तिसरा_मजला

टेकडीकर, मुलाला फिरवायला निघालोय की वेताळ टेकडी सर करायला?

गाडी दिवसातून तासभर चालते आणि बाकीचे तेवीस तास कुठेतरी उभी असते, त्या तेवीस तासांचं बोला. हवेच्या टायरचा खरा जॉगर, म्हणजे पळताना ढकलायची तीन चाकी, ११ ते १४ किलो भरतो. छत्रीसारखी मिटणारी चार चाकी ५ ते ७ किलोत येते. पेठेतल्या लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एका कडेवर मूल आणि दुसऱ्या हातात १३ किलोचं धूड, हे रोज कोण करणार? खाली जिन्यात ठेवायची म्हटलं तर शेजाऱ्यांशी भांडण विकत घ्या.

लिफ्ट असली तरी मोजपट्टी काढा. जुन्या लिफ्टचं दार ७० सेंमीचं असतं, जाळीच्या दाराचं त्याहून कमी. जॉगरची मागची रुंदी ६० ते ६८ सेंमी. म्हणजे गाडी आत जाते, पण बोटं दाराच्या चौकटीला घासत. पदपथाच्या तोंडाशी दुचाकी अडवायला रोवलेले स्टीलचे खांब असतात, त्यांचीही हीच गोष्ट. शेवटचा प्रश्न डिकीचा. गाडी सीएनजीची असेल तर निम्मी डिकी सिलिंडरने खाल्लेली असते. जॉगर मिटला तरी त्याची मागची १६ इंची चाकं कुठे जाणार?

स्पोक

वाडा, मागची चाकं निघतात. बटण दाबलं की अ‍ॅक्सलसकट हातात येतात. सीएनजीच्या गाडीत चाकं सीटखाली, सांगाडा सिलिंडरपुढे आडवा. रिक्षातही सांगाडा पायाशी उभा राहतो. लिफ्टचा मुद्दा मात्र बिनतोड, त्यावर इलाज मोजपट्टीचाच.

धाग्यात एक घोळ होतोय, तो आधी सोडवू. तीन चाकं म्हणजे जॉगर नव्हे. बाजारात तीन प्रकार आहेत.

पहिला, दिसायला तीन चाकी, पण पुढे दोन छोटी चाकं एकाच दांड्यावर जोडलेली, सगळं प्लास्टिक. हिला चार चाकीचे सगळे तोटे आहेत आणि फायदा एकही नाही. दुसरा, फोम भरलेली ८ ते १० इंची चाकं, वजन ९-१० किलो, पुढचं चाक फिरतं आणि हवं तेव्हा लॉक होतं. शहरासाठी हा मधला मार्ग. तिसरा खरा जॉगर: पुढे १२ इंची, मागे १६ इंची, हवेचे टायर, मनगटात अडकवायचा पट्टा, बहुतेकदा हातब्रेक.

अमेरिकेत फिल बेक्लरने १९८४ मध्ये जॉगर बाजारात आणला, तो पळणाऱ्या आईबापांसाठी. छत्रीसारखी मिटणारी गाडी त्याआधीची, १९६५ची, ओवेन मॅक्लारेनची. स्पिटफायर विमानाच्या मिटणाऱ्या चाकांवर काम केलेला हा इंजिनिअर, त्याचं लक्ष घडी आणि वजनाकडे. दोन्ही गाड्या आपापल्या जागी बरोबर आहेत.

चौरंग

नावाला जागून चौरंगाची बाजू घेतो. तिवई डगमगत नाही हे खरं, पण ती उलटते. कोपऱ्यावर हात टेकवून बघा.

समजा, मागच्या चाकांमध्ये ६० सेंमी अंतर आहे, पुढचं चाक मागच्या अ‍ॅक्सलपासून ७५ सेंमी पुढे आहे, आणि मुलासकट गाडीचा गुरुत्वमध्य अ‍ॅक्सलच्या २५ सेंमी पुढे, जमिनीपासून ५५ सेंमी उंच आहे. तीन चाकीत गुरुत्वमध्यापासून उलटण्याची रेघ, म्हणजे एका बाजूची पुढची-मागची चाकं जोडणारी रेघ, साडेअठरा सेंमीवर येते. त्याच मापाची चार चाकी घ्या, पुढची चाकं ४८ सेंमी अंतरावर. तिथे तीच रेघ २८ सेंमीवर जाते. कोनात सांगायचं तर तीन चाकी साधारण १९ अंशांवर कलंडते, चार चाकी २७ अंशांवर.

सरळ चालताना हे जाणवत नाही. तिरक्या उतारावरून आडवं जाताना, पदपथाची कड तिरपी घेताना किंवा उतारावर ब्रेक लावता लावता वळताना जाणवतं. मूल दीड वर्षाचं झालं की ते कडेला वाकून कुत्रं बघतं. तेव्हा गुरुत्वमध्य आणखी त्या बाजूला जातो.

टेकडीकरांचा ३ सेंमीच्या कडेचा हिशेब बरोबर आहे, फक्त तसं कोणी ढकलत नाही. हँडल दाबायचं, पुढची चाकं उचलायची, कडेवर ठेवायची. पुढचा भार शून्य झाला की ८ किलो कुठले आणि साडेचार कुठले!

टेकडीकर

पुढची उचललीत. मागची? भाराचा मोठा वाटा मागच्या चाकांवर असतो आणि ती उचलता येत नाहीत, चढवावीच लागतात. तिथे १६ इंची चाकच कामाला येतं. शिवाय हँडल दाबून गाडी मागे कलवायची तर सलग एकच दांडा हवा. छत्री-घडीच्या गाडीला दोन सुटी हँडलं असतात, एका हाताने ढकललं तर ती वळून जाते. पावसाळ्यात दुसऱ्या हातात छत्री असते, हे विसरू नका.

उलटण्याचा मुद्दा मान्य, म्हणून कड नेहमी काटकोनात घ्यायची. चढताना पुढचं चाक आधी. उतरताना गाडी फिरवून मागची चाकं आधी खाली, आपण खालच्या बाजूला. उतारावर तिरपं जायचं नाही. आणि हँडलला भाजीची पिशवी लटकवायची नाही. हे चार चाकीलाही लागू आहे. मूल उचललं की पुढचा भार जातो, पिशवीचा राहतो, आणि गाडी मागे पडते. सामान सीटखालच्या जाळीत, अ‍ॅक्सलच्या जवळ.

नवखी_आई

मध्येच विचारते. मूल चार महिन्यांचं आहे. जॉगर घेतला तर लगेच वापरता येईल का? आणि पंक्चरचं काय? घरी पंप नाही.

स्पोक

चालवायला हो, पळवायला नाही. मान नीट सावरता येईपर्यंत, म्हणजे साधारण सहा ते आठ महिन्यांपर्यंत, पळणं आणि खडबडीत रस्ता टाळतात. त्यानंतरही डॉक्टरांना एकदा विचारून. आत्ता बघायचं ते पाठीचं: सीट जवळजवळ सपाट होते का? बऱ्याच जॉगरची होत नाही. पट्टा पाच टोकांचाच घ्या, खांद्याचे पट्टे खांद्याच्या पातळीला किंवा किंचित वर.

आता टायर. पुढच्या १२ इंची टायरवर बहुधा १२½ × २¼ लिहिलेलं असतं, शेजारी ६२-२०३. मागच्यावर १६ × १.७५, म्हणजे ४७-३०५. सायकलवाल्याकडे जाताना इंचांपेक्षा २०३ आणि ३०५ हे आकडे सांगा, लहान मुलांच्या सायकलची ट्यूब चालते. फक्त व्हॉल्व्ह बघून घ्या. छोट्या चाकात सरळ व्हॉल्व्हवर पंपाचं तोंड बसत नाही, म्हणून वाकडा व्हॉल्व्ह लागतो.

जॉगरचा व्हॉल्व्ह बहुधा स्कूटरसारखा असतो, आपल्या साध्या सायकलचा वेगळा. त्यामुळे घरातला जुना सायकलपंप बसला नाही तर पंपाला दोष देऊ नका. पेट्रोल पंपावरची नळी बसते, पण जपून. एवढ्याशा ट्यूबमध्ये दोन सेकंदांत जास्त हवा जाते आणि टायर रिमवरून उडतो. टायरच्या बाजूला दाब छापलेला असतो, बहुतेक २० ते ३५ पीएसआयच्या दरम्यान. छापलेल्या कमाल आकड्याच्या थोडं खाली ठेवा. कमाल गाठली की टायर दगड होतो, मग फोम काय वाईट होता?

हवा कमी राहिली तर दोन गोष्टी होतात. कडेवर आपटलं की ट्यूब रिममध्ये चिमटते आणि साप चावल्यासारखी शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. किंवा टायर रिमवर सरकतो, ट्यूब त्याच्याबरोबर, आणि व्हॉल्व्ह मुळाशी फाटतो. व्हॉल्व्ह तिरका दिसला की समजा, हवा कमी आहे. फाटलेल्या व्हॉल्व्हला ठिगळ लागत नाही, ट्यूबच बदलावी लागते.

वाडा_तिसरा_मजला

बघा म्हणजे. एवढं सगळं तळजाई टेकडीवरच्या बाभळीच्या काट्यांसाठी. आमच्या फोमच्या चाकाला ना हवा, ना व्हॉल्व्ह, ना साप.

स्पोक

बाभळीला उपाय आहे. व्हॉल्व्हची सुई काढून आत पन्नास-साठ मिली सीलंट, म्हणजे भोक आतून बुजवणारा द्रव, चाक फिरवायचं, हवा भरायची. पण रोजचा रस्ता डांबर आणि पेव्हरचाच असेल तर वाडा बरोबर बोलतायत, फोम घ्या. तुमच्या छोट्या चाकांनाही देखभाल आहे बरं. अ‍ॅक्सलवर केस आणि साडीचे धागे गुंडाळतात, चाक फिरायचं थांबून घासत जातं आणि एका बाजूला सपाट होतं. महिन्यातून एकदा चाक काढून चिमट्याने धागे ओढायचे, सुका सिलिकॉन स्प्रे मारायचा. खोबरेल किंवा शिवणयंत्राचं तेल नको, त्यावर धूळ बसून चिखल होतो.

पुढचं चाक पटकन निघणाऱ्या खिट्टीचं असेल तर इथे हयगय नको. चाक फोर्कच्या, म्हणजे त्याला धरणाऱ्या दुहेरी दांड्याच्या, खाचेत तळापर्यंत बसवा. खिट्टी अर्धी मिटल्यावर तिने विरोध करायला हवा, तेवढी समोरची चकती आवळा. मग तळहाताने पूर्ण मिटवा, तळव्यावर वळ उठला पाहिजे. शेवटी पुढची बाजू उचलून चाकावर वरून थाप मारा. चाक हललं तर पुन्हा पहिल्यापासून. २०१८ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने बॉब नावाच्या जॉगरच्या नेमक्या याच खिट्टीवरून त्याच्या ब्रिटॅक्स कंपनीविरुद्ध तक्रार दाखल केली होती. त्याच वर्षी समझोता झाला.

चौरंग

त्यात भर घालतो. चाक थरथरत असेल तर वेग वाढवू नका, आधी लॉक करा. लॉक करूनही गाडी एका बाजूला ओढत असेल तर फरशीच्या सांध्यावर पुढचं चाक ठेवून हलकं ढकलून सोडा. तीन मीटरमध्ये ती किती सरकते ते बघा. बऱ्याच जॉगरना फोर्कपाशी यासाठी स्क्रू असतो. पाव पेच फिरवायचा, पुन्हा ढकलायची. हा स्क्रूच नसेल तर तो जॉगर पळण्यासाठी बनवलेला नाही, दुकानदार काहीही म्हणो.

जुनी घेताना मागचं चाक हातात धरून आडवं हलवा. दोन-तीन मिलिमीटरहून जास्त खेळ असेल तर बुश, म्हणजे चाकातली अ‍ॅक्सल बसायची नळी, झिजलाय. ब्रेकची पिन ज्या भोकात जाते ते लांबट झालंय का तेही बघा, लांबट भोकात गाडी ब्रेक लावूनही हातभर सरकते.

सावली

चाकांचं पुरे. एप्रिलच्या उन्हात बाबागाडीवर दुपट्टा टाकून फिरणारे रोज दिसतात. आत हवा खेळत नाही आणि आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा चढतं. सीटच्या मागे जाळीची खिडकी आणि पुढे ओढता येणारं छत बघा. बसकी सीट म्हणजे मुलाचं नाक रिक्षाच्या धुराच्या उंचीवर. जॉगरच्या सीटही बसक्याच असतात, त्यामुळे लक्ष्मी रस्त्याला कुठलीच बाबागाडी नको, अकरा डिसेंबरचा पादचारी दिन सोडून, तेव्हा तिथे वाहनं बंद असतात.

वाडा_तिसरा_मजला

हे पटलं. मंडईला जायचं तर मेट्रो, स्थानकात लिफ्ट आहे आणि रुंद गेटही आहे. सरकत्या जिन्यावर मात्र तीन चाकी नाही, चार चाकीही नाही.

दुकानात जाणाऱ्यांसाठी एक: पाच किलोच्या तांदळाच्या दोन पिशव्या घेऊन जा, सीटवर ठेवून पट्टा आवळा आणि मग ढकला. रिकामी गाडी कुठलीही छान चालते. एका हाताने वळवा, ब्रेक लावून हँडल ओढा, मिटवा, उचला, दहा पायऱ्या चढा. गुळगुळीत फरशी सोडून दुकानाच्या बाहेरच्या पायरीवरून खाली उतरवू देत नसतील, तर शेजारचं दुकान बघा.

टेकडीकर

पिशव्या दोन्ही एका बाजूला ठेवून पण बघा. चौरंगरावांचे १९ अंश तिथेच कळतील.