मदत हवी आहे : जांभ्याच्या जुन्या घरात विंचू, आणि घरात चार वर्षांची मुलगी

नमस्कार. डिसेंबरात आम्ही पुणं सोडून गुहागर तालुक्यातल्या सासरच्या घरी कायमचे राहायला आलो. सासूबाई, नवरा, मी आणि चार वर्षांची लेक. घर जांभ्या चिऱ्यांचं, मातीत बांधलेलं, वर कौलं. मागे नारळ-सुपारीचं आगर आणि त्याला गडगा, म्हणजे दगड नुसते रचून केलेलं कुंपण.

मार्चपासून आजपर्यंत घरात नऊ विंचू निघाले. तारखा मी कॅलेंडरवर लिहून ठेवल्यात. चार न्हाणीत, तीन लाकडांच्या खोलीत, एक ओल्या पायपुसण्याखाली आणि एक लेकीच्या गमबुटात. गमबुटातला सासूबाईंनी पाहिला, कारण बूट आपटल्याशिवाय त्या कुणाला घालू देत नाहीत. परवा सोडणांच्या (नारळाच्या सालींच्या) ढिगाखाली मादी होती, पाठीवर पांढुरकी पिल्लं. ‘विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर’ लहानपणापासून ऐकत आले, प्रत्यक्ष पाहिलं तेव्हा अंगावर काटा आला.

सगळे तांबूस, पुढचे चिमटे बारीक, शेपूट जाड. आगरात मोठा काळा इंगळाही दिसतो, पण गावातले लोक घाबरतात ते या तांबड्याला.

उंबऱ्याशी फिनेल टाकून झालं, मीठही टाकलं. मग फवारणीवाल्याला बोलावलं. फवारल्यावर दोन दिवसांत तीन विंचू उलट न्हाणीत आले.

भिंतीच्या आतल्या बाजूला चिऱ्यांमधली माती झडून बोट जाईल एवढ्या फटी पडल्यात. त्या सिमेंटने भरू का? एक गवंडी सरसकट प्लास्टर करा म्हणतो. सासूबाई म्हणतात भिंत कुजेल. गडगा पाडायचा का, हाही प्रश्न आहे. पावसाला महिनाच उरलाय. अनुभव असेल त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

चिरेबंदी :
सासूबाईंचं ऐका. मातीत बांधलेल्या जांभ्याला सिमेंटचं प्लास्टर केलं की ओल आत अडकते, मग प्लास्टर फुगून सुटतं आणि त्याच्यामागे विंचवाला आयती पोकळी मिळते. आमच्या चुलत्यांच्या घरी असंच झालं. दर्जा, म्हणजे चिऱ्यांमधल्या फटी, चुन्याने भरून घ्या. आधी सुटी माती खरवडून काढा, फट खोल असेल तिथे जांभ्याच्या चिपा ठोका, भिंत ओली करा आणि मग चुना-वाळू दाबून भरा. न्हाणी आणि मुलीची झोपायची खोली आधी घ्या. बाकीचं पावसानंतर केलंत तरी चालेल.

गडगा अख्खा पाडू नका. त्यातून पाणी जातं म्हणून आगर टिकतं. पण तो घराच्या भिंतीला टेकलाय का ते बघा. टेकला असेल तर तेवढा तुकडा काढा. लाकडं, सोडणं, शेणी, झावळ्या हे सगळंही भिंतीपासून दूर, विटांवर फळ्या टाकून रचा.

फवारणीने विंचू लपलेल्या जागेतून हलतो, पण लगेच मरतोच असं नाही. त्यापेक्षा झुरळं कमी करा, तेच त्याचं खाणं. न्हाणीच्या मोरीला बारीक जाळी हवी, दाराखाली रबरी पट्टी हवी. रात्री बाहेरचा पांढरा दिवा बंद ठेवा, किडे जमले की मागोमाग विंचू येतो.

आरोग्यसेविका_२ :
घर आवरताय ते चांगलंच, पण आजच आरोग्य केंद्रात फोन करून प्राझोसिनच्या गोळ्या आणि विंचवाचं प्रतिविष आहे का ते विचारून ठेवा. तांबड्या विंचवाच्या दंशावर प्राझोसिनचा उपयोग महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी १९८० च्या दशकात दाखवून दिला. त्याआधी कोकणात या दंशाने कितीतरी मुलं जायची. गोळी मनाने देऊ नका, रक्तदाब बघून डॉक्टरच देतील.

दरदरून घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय ही धोक्याची खूण. मूल लहान असेल तर खुणांची वाटही बघू नका, लगेच निघा. १०८ ला फोन करा. दंशावर चीर देणं नाही, आवळून बांधणं नाही, उतरवायला नेणं नाही. आमच्या वाडीत एका मुलाचे दोन तास असेच गेले होते. वाचला, पण ते दोन तास त्याची आई अजून विसरलेली नाही.

आणि जांभळ्या उजेडाची यूव्ही टॉर्च घ्या. अंधारात विंचू हिरवट चमकतो. नुकती कात टाकलेला आणि आईच्या पाठीवरची पिल्लं मात्र नीट चमकत नाहीत, तेव्हा पायात बूट हवेतच.

धागाकर्ती :
दोघांचेही मनापासून आभार. टॉर्च काल आली. नवरा आणि मी रात्री नऊला फिरलो. एका फेरीत चौदा दिसले, त्यातले अकरा न्हाणीला टेकलेल्या गडग्यात! लांब चिमट्याने उचलून काचेच्या बरणीत टाकले, गुळगुळीत काचेवर त्यांना चढता येत नाही. मारावे लागले याचं वाईट वाटतं, पण लेक लहान आहे.

गडग्याचा तो तुकडा आज सकाळी उतरवला. आरोग्य केंद्रात गोळ्या आहेत, प्रतिविषासाठी मात्र तालुक्याला जावं लागेल. नंबर दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवलाय. लेकीच्या खाटेवर मच्छरदाणी गादीखाली खोचून लावली, खाट भिंतीपासून हातभर ओढली.

आता फक्त चुन्याचं अडलंय. चिपळूण-गुहागर भागात भिजवलेला चुना कुठे मिळतो आणि दर्जा भरणारा जुना गवंडी कुणाच्या माहितीत आहे का? असेल तर कृपया व्यक्तिगत निरोपात कळवा.